चाकं ठोकणाऱ्याचा पियानो

मित्रांनो, माझ्या डोक्यावर सध्या फुटक्या काचांचे कंदील, जुन्या हजेरीपटांचे गठ्ठे आणि एक मोडकी छत्री ठेवलेली असते. त्यामुळे नवखा माणूस मला कपाटच समजतो. पण मी एक जुना पियानो आहे. कर्जत स्टेशनामागे रेल्वेच्या ड्रायव्हर-गार्डांचा एक लहानसा क्लब आहे. त्याच्या मोठ्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, मी सव्वीस वर्षे उभा आहे. आज तुम्हांला माझी, आणि माझ्याहून जास्त जयवंताची हकिगत सांगणार आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका गावात झाला. माझ्या पोटात तारांमागे एक पातळ लाकडी फळी आहे. माझा सगळा आवाज तिच्यातून येतो. त्या फळीचे लाकूड म्हणे सात वर्षे सुकवले होते. दोनशेहून अधिक तारा, पंच्याऐंशी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीमागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक छोटी हातोडी बसवून झाली, तेव्हा पट्ट्यांच्या वर सोनेरी अक्षरांत कारखान्याचे नाव लिहिले गेले. १९११ साली मी बोटीने मुंबईला आणि तिथून मालगाडीने कर्जतला आलो. स्टेशनापासून क्लबपर्यंत मला बारा हमालांनी वाहून आणले. मुंग्या चढू नयेत म्हणून माझ्या पायांखाली रॉकेल घातलेल्या वाट्या ठेवल्या.

पहिली दोन वर्षे काम सोपे होते. नाताळात आणि शनिवारी संध्याकाळी नाच व्हायचे, कोणीतरी माझ्यावर दणादण वाजवायचे आणि लोक म्हणायचे, "आवाज काय दांडगा आहे!" मलाही वाटे, पियानोचे आयुष्य म्हणजे एवढेच.

१९१३ साली रेल्वेच्या मुलांच्या शाळेत शिकवायला मिस होल्डन आल्या. त्या इगतपुरीत वाढलेल्या होत्या, मराठी झकास बोलायच्या. क्लबमध्ये कायतान परेरा नावाचे गोव्याचे एक गार्ड यायचे. ते व्हायोलिन वाजवत. दर गुरुवारी दुपारी त्यांची गाडी कर्जतला काही वेळ थांबे. तेवढ्यात दोघे मिळून एक रचना बसवू लागले. ती व्हायोलिन आणि पियानो या दोघांसाठीच लिहिलेली होती. तिच्या पुठ्ठ्यावर दाढीवाल्या संगीतकाराचे चित्र होते. तो गेल्या शतकातला, जर्मन. तरुणपणी त्याने मोठ्या वाद्यवृंदांसाठी पुष्कळ लिहिले. उतारवयात मात्र तो दोन-तीन वाद्यांपुरते, एका खोलीत बसून ऐकावे असे लिहू लागला.

क्लबातल्या लोकांना ही रचना पसंत पडली नाही. तिच्यात नाचता येईल असा ठेका नव्हता. व्हायोलिन वर चढून चमकेल असे वाटे, तोच ते खालच्या तारेवर उतरून येई. एका ड्रायव्हरने बराच वेळ ऐकून विचारले, "अजून सूरच लावताय का?"

एका गुरुवारी जयवंता दारात आला. तो कर्जतजवळच्या कडाव गावातल्या शेतकरी घरातला. कर्जतला त्या काळी प्रत्येक गाडी थांबायची, कारण पुढे बोरघाट, आणि घाट चढवायला गाडीला मागून आणखी एक इंजिन लावावे लागे. तेवढ्या वेळात जयवंता लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचा. चांगले चाक खणखणीत वाजते. चिरलेले चाक बद्द वाजते. त्याने "बद्द" म्हटले की मेलगाडीसुद्धा जागची हलत नसे.

"गार्डसायेब, गाडी तयार हाय," तो म्हणाला. पण निरोप देऊनही तो दारातून हलला नाही. "बाईसायेब, रागावू नका. तुमच्या पेटीतली एक तार बाकीच्यांसंगं नाय."

"कुठली?" मिस होल्डननी विचारले.

तो अनवाणी आत आला आणि हात न लावता त्याने बोट दाखवले. "ही. नाय, हिच्या डावीकडली."

त्यांनी ती पट्टी दाबली, माझी पुढची फळी काढली. माझ्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. त्या सुरातली तिसरी तार केसभर उतरली होती.

"मी रोज वाजवते, तरी मला कळलं नाही," त्या म्हणाल्या.

"तुमी वाजवता," जयवंता म्हणाला. "मी नुसता ऐकतो."

मला सुरात लावणारा कारागीर मुंबईहून वर्षातून एकदा यायचा, आणि इथल्या दमट हवेत त्याचे काम आठ दिवसही टिकत नसे. मिस होल्डननी तारांच्या खुंट्या पिळायचा पाना जयवंताच्या हातात दिला. दोन तारांत जराही फरक असला की आवाजात लहर येते. ती थांबेपर्यंत खुंटी पिळायची, एवढे तो एका दुपारी शिकला. मग त्या म्हणाल्या की काही सुरांच्या जोड्यांत मात्र अगदी बारीक लहर मुद्दाम ठेवायची.

"मुद्दाम खोटं ठेवायचं?" त्याला ते मुळीच पटले नाही.

"सगळे सूर पुरते खरे केले तर शेवटच्याला जागाच उरत नाही, जयवंता. प्रत्येकानं थोडं थोडं सोडायचं."

हे पचायला त्याला पावसाळाभर वेळ लागला.

त्यानंतर दर गुरुवारी तो उंबऱ्यावर बसून ऐकू लागला. संगीतकाराचे नाव त्याच्या जिभेला झेपले नाही. तो त्याला "दाढीवाला" म्हणायचा, म्हणून मीही तसेच म्हणतो. रचनेचा दुसरा भाग संथ होता. तो संपल्यावर त्याने एकदा परेरांना विचारले, "सायेब, ह्यात मोठा कोण? तुमी का पेटी?"

"कोणीच नाही."

जयवंताने जरा विचार केला. "म्हंजे घाटातल्या गाडीवानी. एक इंजिन फुडून वढतं, एक मागनं रेटतं. खंडाळ्याला पोचल्यावर कोन इचारतो, कुनी चढवली?"

परेरांनी व्हायोलिन मांडीवर ठेवले. "इतकी वर्षं मी ही वाजवतोय," ते मिस होल्डनना म्हणाले, "पण असं मला सांगता आलं नसतं."

जयवंताची बायको सोनाबाई भाकरी घेऊन यायची. "दिसभर चाकं ठोकता ते पुरं नाय, म्हनून आता सायबाची पेटी ठोकाय लागलात?" ती म्हणायची. एकदा तिनेही उभ्या उभ्या ऐकले. "रडगानं हाय," ती म्हणाली.

"रडगानं नाय गं," जयवंता म्हणाला. "रडून झाल्यावरचं हाय."

१९१४ साली लढाई सुरू झाली. जर्मन रचना वाजवू नयेत असे क्लबात ठरले. तरी गुरुवारी दुपारी खोली रिकामी असे, आणि दोघे हळू आवाजात वाजवत. १९१६च्या जुलैत मिस होल्डनना तार आली. त्यांचा धाकटा भाऊ फ्रान्समध्ये लढताना मारला गेला होता. त्या गुरुवारी त्या आल्या, रचनेचे पुस्तक उचलले, माझे झाकण मिटले आणि जयवंताला म्हणाल्या, "हे आता नको."

जयवंताने मान हलवली. त्याने वाद घातला नाही. परेरांनीही व्हायोलिन आणणे बंद केले. जयवंता मात्र दर रविवारी सकाळी येई, माझ्या तारा सुरात लावी आणि झाकण मिटून जाई. मला वाजवणारे कोणी नव्हते. तरी त्याने एकही रविवार चुकवला नाही.

पुढच्या वर्षी कोणाचे तरी लक्ष माझ्या सोनेरी नावाकडे गेले. जर्मन पियानो क्लबात कशाला हवा, म्हणून बैठक झाली. मला फोडून लाकूड सुतारखात्याकडे द्यायचे ठरले. रविवारी सकाळी क्लबाचे सेक्रेटरी दोन सुतारांना घेऊन आले, तेव्हा जयवंता माझी पुढची फळी काढून बसला होता.

"बाजूला हो," सेक्रेटरी म्हणाले.

तो उठला, पण बाजूला झाला नाही. चाके ठोकणाऱ्याला कामावरून काढायला सेक्रेटरींचा एक शब्द पुरला असता. ते दोघांनाही ठाऊक होते.

"सायेब," जयवंता म्हणाला, "चाक कुठल्या गावचं हाय, ते मी कधी इचारत नाय. फुटलंय का, तेवढं इचारतो. ही पेटी फुटलेली नाय."

सुतारांपैकी एकाने हत्यारांची पिशवी खाली ठेवली. सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिले, मग जयवंताकडे. "हे नाव मला दिसता कामा नये," एवढे बोलून ते निघून गेले.

जयवंताने काचेच्या तुकड्याने ते नाव खरवडून काढले. अक्षरांचा सोनेरी भुगा त्याच्या धोतरावर पडला. मला दुखले नाही. त्या नावाचा माझ्या आवाजाशी कधीच संबंध नव्हता.

लढाई संपली. १९१९च्या जानेवारीत मिस होल्डनची बदली जबलपूरला झाली. आपली उरलेली पुस्तके न्यायला त्या रविवारी सकाळी क्लबात आल्या. जयवंता खुंट्या पिळत होता. अडीच वर्षे तो हे करतो आहे, हे त्यांना माहीत नव्हते.

"कोणासाठी?" त्यांनी विचारले.

"कुनासाठी नाय. सैल पडली तर मंग फळी वाकती." त्याने पाना खाली ठेवला. "बाईसायेब, एकदा तपासून द्या. मला पट्टी दाबता येती, वाजवता येत नाय. बराबर लागलीय का नाय, ते वाजवल्याबिगर कसं कळनार?"

त्या उभ्यानेच खालपासून वरपर्यंत सूर वाजवत गेल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांच्या हातांनी दुसऱ्या भागाची सुरुवात धरली. त्यात पियानोने नुसती पायवाट करून द्यायची असते आणि तिच्यावरून व्हायोलिन चालत येते. व्हायोलिन नव्हते. त्या पायवाट वाजवत राहिल्या. तेवढा तुकडा संपल्यावर म्हणाल्या, "परेरांना सांग, गुरुवारी या."

त्या गुरुवारी रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच वाजली. ऐकायला जयवंता आणि सोनाबाई होते. परेरांची बोटे आखडली होती, आणि वेगवान जागा त्यांना साधल्या नाहीत. दुसऱ्या भागात मिस होल्डनचा हात मध्येच थांबला. परेरांनी मागे वळून पाहिले नाही. त्यांनी आपला सूर लांबवून धरला, मिस होल्डनचा हात पट्ट्यांवर परत येईपर्यंत. मग दोघे पुढे गेले.

शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवायच्या असतात हे ऐकणाऱ्या दोघांना माहीतच नव्हते.

"माझ्या भावाला हे आवडायचं नाही," मिस होल्डन म्हणाल्या. "त्याला बँड आवडायचा." त्यांनी पुस्तक आपल्या सामानाच्या ट्रंकेत टाकले, पाना जयवंताकडेच राहू दिला, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेल्या. दोन वर्षांनी परेराही निवृत्त होऊन गोव्याला गेले.

मग क्लबात ग्रामोफोन आला आणि तो माझ्याच डोक्यावर ठेवला गेला. १९२९ नंतर घाटात विजेची इंजिने धावू लागली, वाफेच्या इंजिनांवरची माणसे दुसरीकडे गेली, क्लब ओस पडला. माझ्या पट्ट्यांवरचे पांढरे तुकडे निखळू लागले.

जयवंताचे कानही जाऊ लागले होते. तीस वर्षे शिट्ट्या आणि हातोडीचे ठोके ऐकून दुसरे काय होणार? ही गोष्ट त्याच्याखेरीज कोणाला कळली नव्हती, आणि अजून काही वर्षे त्याने ती सहज झाकली असती. पण एका सकाळी त्याने हातोडी वरिष्ठांच्या टेबलावर ठेवली. "बद्द मला आता खणखणीत ऐकू येतंय," तो म्हणाला. "गाडीत मानसं असतात. दुसरा मानूस बघा." हे त्याने मला सांगितले नाही. सोनाबाईने त्याच्यावर चिडून क्लबाच्या पायरीवर बसून सांगितले, आणि सांगता सांगता तिचा राग ओसरला.

त्यानंतर मी समजलो, आता रविवार संपले. पण तो आला, आणि सोनाबाईला बरोबर घेऊन आला. खालच्या जाड तारा तो माझ्या लाकडावर कपाळ टेकवून लावतो. त्यांची लहर त्याला हाडांत कळते. वरच्या बारीक तारांची लहर तशी कळत नाही. तिथे तो पट्टी दाबतो, खुंटी पिळतो, आणि सोनाबाई ऐकते. सुरुवातीला तिला फरक कळत नसे. ती वैतागून म्हणायची, "दोनी सारकीच हायत." जयवंता मान हलवायचा आणि पुन्हा पट्टी दाबायचा. असे दोन वर्षे चालले. आता ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहते. सूर जवळ आला की बोटे दाबते, लहर थांबली की हात उचलते. काही जोड्यांत ती हात जरा आधीच उचलते. तिथे थोडे सोडायचे असते, हे त्याने तिला शिकवले आहे.

गेल्या रविवारी मधल्या एका सुराच्या तीन तारांपैकी एक तुटली. आवाज जयवंताला ऐकू आला नाही, पण त्याच्या हातातला पाना थरारला. तो बराच वेळ त्या तुटक्या टोकाकडे बघत बसला. तशी तार आता इथे मिळत नाही.

सोनाबाई त्याच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाली, "दोन हायत की अजून. त्या लावा."

त्याने त्या दोन लावल्या.

मित्रांनो, तुमच्या शाळेत किंवा कोणाच्या घरी एखादे जुने वाद्य असेल, तर त्याच्यावर सामान रचू नका. वाजवता येत नसेल तरी चालेल. अधूनमधून झाकण उघडा, एक पट्टी दाबा, आणि तिचा आवाज पुरता विरेपर्यंत ऐका. मध्येच उठून जाऊ नका. आम्हांला तेवढे पुरते.