बावन्न सालची बाटली

नमिताने जिताड्याचं डोकं कालवणातून अलगद उचललं, वाटीत घातलं आणि ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवलं. पाहुण्यांना डोळे असलेलं काही ताटात चालत नाही, असं नवऱ्याने, धनेशने, सकाळपासून तीनदा बजावलं होतं. या घरात माशाचं डोकं हा थोरल्याचा मान. आज थोरल्याचा वाढदिवस, आणि मान झाकणाखाली.

हॉलमधून अत्तराचा वास येत होता. उलव्यात चार टॉवर उभे केलेला बिल्डर राजवर्धन कुठे येऊन गेला हे लिफ्टलाही दुपारभर कळत असे. त्या वासात कालवणाचा वास मिसळला. नमिताने पदराने नाक पुसलं, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत फडक्यात गुंडाळली आणि बाहेर गेली.

सोफ्यावर सासरे बसले होते, नव्या सदऱ्यात. कॉलरला दुकानाची टाचणी तशीच. हिरामण म्हात्रे, घरातले दादा, जन्म एक जून एकोणीसशे बावन्न. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. शाळा जूनमध्ये भरायची आणि मास्तरांना तेवढी एकच तारीख सुचायची. पण धनेशने यंदा नाक्यावर फ्लेक्स लावला होता. त्यात दादांच्या फोटोपेक्षा राजवर्धनचा फोटो मोठा होता.

"वहिनी, बसा ना," राजवर्धन म्हणाला. बूट त्याने काढले नव्हते. "मेन गोष्ट आता आहे."

त्याने लाकडी पेटी उघडली. आत निळी मखमल आणि मखमलीत, देवाचा टाक निजवावा तशी, एक काळपट बाटली. काचेवर पांढऱ्या रंगाने अक्षरं रंगवलेली. रेशनच्या पोत्यावर असतात तशीच, नमिताला वाटलं.

"ही साधी वाइन नाही, काका. पोर्ट. पोर्तुगालची. सगळी द्राक्षं एकाच वर्षाची, मिक्सिंग नाही. बावन्नची! मग सत्तर वर्षं लाकडाच्या पिंपात नुसती पडून. आधी लाल असते. झिजत झिजत बघा कशी मधासारखी होते. दरवर्षी थोडी थोडी उडूनपण जाते."

"कोन पितं ती?" दादांनी विचारलं.

"कोणी नाही हो. हवा."

"हवेची चैन हाय मंग."

धनेश गरजेपेक्षा जास्त हसला. त्याने मोबाइल काढून बाटलीचा फोटो घेतला, मग बाटली आणि दादांचा, मग बाटली, दादा आणि राजवर्धनचा. शेवटच्या फोटोत टेबलावरची जमिनीच्या खरेदीखताची निळी फाइलही आली. फाइलवर पेन होतं. टोपण काढलेलं.

तीन गुंठे. खाडीच्या बांधालगत, एक करंजाचं झाड असलेले. बाकी सगळं कधीच गेलं होतं, त्यातूनच हा फ्लॅट, धनेशची गाडी, लग्नं. या तुकड्यापाशी मात्र दादा नऊ वर्षं अडले होते. कधी अमावास्या आड आली, कधी गुडघा. आज राजवर्धन म्हणाला होता, काकांना काय लागतं? रिस्पेक्ट लागतो. तो मी देतो.

"आणि थँक्स वहिनींना," त्याने नमिताकडे पाहून एक डोळा बारीक केला. "आधारचा फोटो त्यांनीच पाठवला. नाहीतर बर्थ इयर कुठून कळणार?"

नमिताने भाकऱ्यांवरचं फडकं उगाच नीट केलं. फोटो तिने पाठवला होता, हे खरं. त्या तुकड्यावर येणाऱ्या नव्या टॉवरच्या तळमजल्यावर एक गाळा तिच्या नावावर करायचं त्याने कबूल केलं होतं. सहा वर्षं ती घरातून मसाले आणि भाकऱ्या विकत होती. गाळ्याला काचेचं दार लावायचं, हे सुद्धा ठरवून झालं होतं तिचं. राजवर्धनचा तो बारीक डोळा अंगावर झुरळ चढल्यासारखा तिला मानेपर्यंत जाणवत राहिला.

बूच निघालं. राजवर्धनने पेल्यात जेमतेम तीन बोटं ओतली, पेला फिरवला, नाक आत घालून डोळे मिटले.

"अक्रोड. सुकं अंजीर. संत्र्याची साल. येतंय का, काका?"

दादांनी वास घेतला. "लाकूड येतंय."

"करेक्ट! तुम्हाला कळतंय."

माणसाला असं फसवून हसताना याला काहीच होत नाही का, नमिताच्या मनात आलं. मग आलं, की पेल्याखालची बशी आपणच आणून ठेवली आहे.

दादांनी उजव्या हाताचं बोट पेल्यात बुडवलं आणि थेंब जमिनीवर शिंपडले. एकदा, दोनदा, तीनदा. घरातले गेलेले आधी, मग आपण. ताडी असो की इंग्लिश, ते असंच करत आले होते. तपकिरी थेंब पांढऱ्या लादीवर पडले. राजवर्धनचा चेहरा थेंबागणिक आवळत गेला.

पेला ओठांशी नेता नेता दादा थांबले. त्यांनी बाटली ओढून घेतली. इंग्रजी अक्षरं त्यांना येत नव्हती, आकडे येत होते.

"हे बावन. आणि पाठीमागं हे दुसरं साल क्याचं?"

"पिंपातून काढून बाटलीत भरल्याचं, काका. दोन तारखा असतात."

"एक आल्याची, एक काढून बंद केल्याची."

"एक्झॅक्टली."

दादांनी पेला खाली ठेवला. "ही माजी नाय," ते म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

"इमोशनल झाले," राजवर्धन धनेशला म्हणाला. "चांगलंय. दोन मिनिटं द्या."

नमिता मागोमाग गेली. दादा ओट्याला धरून उभे होते. वाटीवरचं झाकण त्यांनी काढलं होतं आणि जिताड्याच्या डोळ्याकडे बघत होते.

"दादा, चक्कर येते का?"

"नाय ग बाय." त्यांनी झाकण परत ठेवलं. "बावन साल माज्या भावाचं. मी चोपनचा."

"भाऊ? तुम्हाला भाऊ कुठे होता?"

"माज्या आदी. त्याचं नाव पन हिरामणच. पावनेदोन वर्साचा हुता, तापानं गेला. मी झालू तं आयनं तेच नाव माना ठेवलं. मास्तरनी गावच्या दप्तरात बगितलं, हिरामण, सन बावन. तेच लिवलं. बापूस कायच बोलला नाय. मंग मतदान त्याच्याच वयावर, आधार त्याच्याच वयावर." ते जरासं हसले. "सगला जलम त्याच्याच कागदावर काढला मी."

नमिताने नळ बंद केला. तो गळत होता हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

"ल्हान पोरांना जालत नाय, पुरतात," दादा म्हणाले. "बांधावर. करंजाच्या बुंद्याशी."

नऊ वर्षांच्या अमावास्या आणि गुडघे तिच्यासमोर एका रांगेत उभे राहिले.

"का नाही सांगितलंत कधी?"

"कोनाला सांगू? धनेशला?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण ते कोरडेच होते. "माना ठावं हाय, तुला गाला पायजे. तू मागत नाय, पन रातच्याला कागदावर दार काडीत बसतंस. मी करतो सई. फकस्त एक कर. तुजं दुकान तितंच व्हनार ना? मंग सकाली वाईच दूद ठेवत जा. आय ठेवाची. साखर घालून."

हॉलमधून राजवर्धनचा आवाज आला, "वहिनी, काका येतायत ना?"

नमिताने फ्रिजमधून दुधाची पिशवी काढली, पातेल्यात ओतली आणि गॅस लावला. हात धुतले. अत्तराचा वास हाताला लागलाय असं वाटून पुन्हा धुतले. मग ती बाहेर गेली.

धनेश पेला पुढे करत म्हणाला, "तू पण टेस्ट कर, दादांचं वय आहे हे." तिने घोटभर घेतलं. गोड होतं. लहानपणी नाक दाबून पाजलेल्या तापाच्या औषधासारखं गोड, आणि गिळल्यावरही जिभेवरून हलेना.

मग तिने पेनला टोपण लावलं, निळी फाइल उचलली आणि राजवर्धनच्या मांडीवर ठेवली.

"दादा सही करणार नाहीत. त्यांचं साल चुकलंय. मीच चुकीचं पाठवलं."

"नमे, काय बोलतेस?" धनेश उठला. "डोकं फिरलंय का? तुझा गाळा—"

"माहितीय मला माझा गाळा."

राजवर्धनने हात वर करून धनेशला थांबवलं. तो अजून हसतच होता. चूक कुठलीही असो, नवं काही मागवून ती दुरुस्त करता येते, हा त्याचा अनुभव होता.

"वहिनी, नो टेन्शन. खरं साल कुठलं?"

"चोपन्न."

"मग चोपन्नची मागवू. महिनाभर लागेल फक्त."

"नको," नमिता म्हणाली. "चोपन्नचं माणूस आहे आमच्याकडे."

आत दूध वर येत होतं. साखरेचा डबा कुठे आहे ते दादांना सापडत नव्हतं. डब्यांची झाकणं एकेक उघडल्याचा आवाज येत होता. ती आत जायला वळली. जाता जाता वाकून तिने लादीवरचे तपकिरी थेंब फडक्याने पुसले, आणि एक थेंब थोरल्यासाठी तसाच ठेवला.