चौथं हॉटेल

चारुदत्त मराठ्यांनी उभा जन्म औषधांच्या कारखान्यांत यंत्रं बसवली. बसवलेलं यंत्र पहिल्याच दिवशी चाललं पाहिजे, हा त्यांचा बाणा. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाची सहल निघाली की बसपासून बटाटेवड्यांपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात पडायचं आणि त्यांना ते आवडायचंही. अशा माणसाने बायकोला फसवायचं ठरवलं, तर तेसुद्धा तो आराखडा काढूनच करणार.

आराखडा साधा होता. शरयूला आठवडाभर इटलीच्या किनाऱ्यावर न्यायचं आणि दर दोन रात्रींनी हॉटेल बदलायचं, म्हणजे नवी खोली, नवा पलंग याची तिला सवय होईल. परत आल्यावर विमानतळावरून घरी न जाता तिला थेट विस्मृतीच्या रुग्णांसाठी असलेल्या केंद्रात न्यायचं आणि सांगायचं, हे आपलं पुढचं हॉटेल. केंद्र घरापासून दहा मिनिटांवर होतं. पण वाटेत घर लागलं आणि दारातली तुळस तिच्या नजरेला पडली, की सगळंच मुसळ केरात.

"बाबा, धिस इज क्रूएल," उर्वी, त्यांची मुलगी, देशाच्या दुसऱ्या टोकाच्या बेलव्ह्यूहून फोनवर म्हणाली. "आईला खरं सांगा ना."

"खरं सांगितलं तर तासाभराने ते परत सांगावं लागेल," चारुदत्त म्हणाले. "दिवसातून दहा वेळा टाकून देऊ का मी तिला?"

मग उर्वीच म्हणाली, "मी येते. रूम मी सेट करते."

'टाकून' हा शब्द चारुदत्तांचा नव्हता, शरयूचा होता. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी निदान सांगितलं, त्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडता उघडता ती म्हणाली होती, "अहो, काय वाटेल ते होऊ दे, पण मला कुठे टाकू नका." चारुदत्त म्हणाले होते, "खुळी आहेस का?" कोर्टात याला कोणी वचन म्हणणार नाही. पण शरयू निश्चिंत झाली होती, आणि तिला निश्चिंत करून आपण मोकळे झालो होतो, हे चारुदत्तांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी निभावलं नाही असं नाही. गॅसला कुलूप घातलं, दाराला घंटा लावली, तिला न्हाऊमाखू घातलं. त्यात त्यांचं वय शहात्तर, छाती एकदा उघडून शिवलेली. एका सकाळी बाथरूममध्ये तिला सावरताना दोघंही पडले आणि कामवाली येईपर्यंत ओल्या फरशीवर तसेच पडून राहिले. शरयू त्यांच्या दंडावर डोकं ठेवून चक्क झोपली. त्या दिवशी चारुदत्तांनी हात टेकले.

इटलीच का, तर ती राहून गेली होती म्हणून. शरयू इथल्या वाचनालयात काउंटरवर काम करायची आणि रंगीत घरांच्या, निळ्या पाण्याच्या चित्रांची जाडजूड पुस्तकं घरी आणायची. "पुढच्या वर्षी नक्की," चारुदत्त म्हणायचे. पण रजा मिळाली की पुणं. आधी त्यांची आई आजारी, मग तिची. दोन्ही आया गेल्या आणि रजेचा प्रश्न उरला नाही, तोवर शरयूच हातची निसटायला लागली होती. तेव्हा या फसवणुकीत थोडी मायाही होती, असं चारुदत्त स्वतःला बजावत. माणूस स्वतःची समजूत अशीच घालतो.

इटलीतल्या लिग्युरिया किनाऱ्याचा समुद्र पुस्तकातल्यासारखाच निळा निघाला. पहिल्या हॉटेलात रिसेप्शनवरच्या माणसाने नोंदीसाठी पासपोर्ट मागितले आणि शरयूच्या अंगात जुनी शरयू संचारली. तिने पर्समधून दोन्ही पासपोर्ट काढले, काउंटरवर शेजारी शेजारी लावले, वरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दोन." आयुष्यभर पलीकडच्या बाजूला उभी राहिलेली बाई आज अलीकडून कारभार बघत होती. संध्याकाळी पासपोर्ट परत आले, तेव्हाही तिने ते मोजून घेतले. पासपोर्ट सांभाळायचं काम चारुदत्तांनी तिच्याकडेच दिलं. तिला करता येईल असं तेवढंच काम उरलं होतं.

दुसऱ्या हॉटेलात तेच. तिसऱ्यात तर तिने मागायच्या आधीच पासपोर्ट पुढे ठेवले.

त्या संध्याकाळी दोघं पाण्यात पाय सोडून बसले. तिने तळलेले मासे खाल्ले, "ताजे आहेत, मीठ कमी आहे," असा शेरा मारला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "किती उशिरा आलो हो आपण."

चारुदत्तांना वाटलं, हिला सगळं समजतं आहे, हिला आपण कसं ठेवून येणार? खोलीवर गेल्यावर उर्वीला फोन करायचा, केंद्राला नको म्हणून कळवायचं, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. हलकं वाटलं त्यांना. फोन मात्र सकाळी करू म्हणून राहिला.

सकाळी दाढी करून ते बाहेर आले, तर खोलीचं दार सताड उघडं. ते किनाऱ्याकडे धावले. शरयू कंबरेइतक्या पाण्यात उभी होती, समोरून लाटा येत होत्या आणि पर्स तिने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. "उर्वी पोहत पुढे गेली, तिला बोलवा," ती सांगत होती. पुढे नुसता समुद्र होता. तिला ओढून आणताना चारुदत्तांच्या छातीत कळ आली. ते वाळूत बसकण मारून श्वास गोळा करत राहिले. शरयूने ओल्या हातांनी पर्स उघडून पाहिली आणि त्यांना दिलासा दिला, "कोरडे आहेत दोन्ही."

फोन करायचा राहिला तो राहिलाच.

केंद्राच्या बाई म्हणाल्या होत्या, घरच्या वस्तू आणा, फोटो लावा, म्हणजे माणूस रुळतो. चारुदत्तांनी उर्वीला नेमकं उलटं सांगितलं होतं. फोटो नकोत. पलंगावर पांढरी चादर, टॉवेलची घडी, बेसिनवर कागदात गुंडाळलेला छोटा साबण. उर्वीने रडत रडत सगळं तसंच मांडलं. दारातल्या बाकापासून रिसेप्शनवरच्या मुलीपर्यंत काय कुठे असेल, कुणी काय म्हणायचं, हेही ठरलं होतं. ती मुलगी "वेलकम" म्हणेल, किल्ली देईल, बस.

विमानतळावरून ते थेट केंद्रात आले. मुलगी गोड होती. ती "वेलकम, मिसेस मराठे," म्हणाली आणि किल्लीकडे हात नेते तोच शरयूने पर्समधून दोन पासपोर्ट काढून काउंटरवर शेजारी शेजारी लावले.

"दोन," ती म्हणाली.

हे आराखड्यात नव्हतं. तीन हॉटेलांत जे डोळ्यांदेखत घडलं, ते या जन्माच्या इंजिनिअराने धरलंच नव्हतं. मुलगी गोंधळली. मग तिला वाटलं, नाटक नीट वठवावं. तिने दोन्ही उघडून नावं पाहिली, एक ठेवून घेतला आणि दुसरा परत सरकवला. "वी ओन्ली नीड हर्स, सर."

"टेक बोथ," चारुदत्त घाईने म्हणाले. "प्लीज, टेक बोथ."

पण शरयूने पासपोर्ट उचलला होता. तिने तो उघडला, फोटो पाहिला, चारुदत्तांकडे पाहिलं. "तुमचा परत दिला हो त्यांनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने तो त्यांच्या जॅकेटच्या वरच्या खिशात घातला आणि खिशावर थोपटलं. "असू दे. तुम्हाला लागेल."

ती समजून बोलली की सहज, हे चारुदत्तांना कळलं नाही. विचारण्याची छाती झाली नाही. खोलीकडे जाताना तिने उर्वीला पाहिलं आणि "तुम्ही पण इथेच उतरला आहात का?" असं आदबीने विचारलं. उर्वीने तोंडावर हात दाबला. निघताना रिसेप्शनवरच्या मुलीने शरयूचा पासपोर्ट चारुदत्तांच्या हाती ठेवला, कारण रहिवाशांची कागदपत्रं ते ठेवून घेत नसत. त्यांनी तो स्वतःच्या पासपोर्टशेजारी त्याच खिशात घातला.

घरी जाऊन त्यांनी जॅकेट काढलं नाही. त्यातच झोपले, त्यातच जेवले. उर्वी रागावली, मग तिनेही नाद सोडला.

दोन रात्री झाल्या. सकाळी ते केंद्रात गेले, तर शरयू दारातल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन, चपला घालून तयार. दोन रात्रींनी निघायचं असतं, हे त्यांनीच तर तिला शिकवलं होतं.

"माझा पासपोर्ट अजून दिला नाही यांनी," ती म्हणाली. "सारखी मागते आहे."

"उद्या देतील," चारुदत्त म्हणाले. "मग निघू."

दुसऱ्या दिवशी ती तिथेच, तशीच. तिला सकाळचा नाश्ता आठवत नव्हता, मुलगी आठवत नव्हती.

"दिला का?" तिने विचारलं.

"उद्या नक्की," ते म्हणाले.

"कालही उद्याच म्हणालात."

चारुदत्त तिच्या शेजारी बसले, तिचा हात हातात घ्यायला गेले. तिने तो सोडवून घेतला आणि त्यांच्या छातीवर ठेवला. त्यांना वाटलं, माया करते आहे. तिची बोटं जॅकेटच्या खिशावरून फिरली, कडा चाचपल्या, थांबली.

"दोन," ती म्हणाली.

मग ती उठली. पर्स काखेला मारली आणि न विचारता, न अडखळता, आपल्या खोलीकडे चालू लागली. वाट तिने बरोबर धरली होती.