जेवणाआधीची हाक

बीलानला जेवणाची भीती कधी वाटली नव्हती. भीती वाटायची ती जेवणाआधीच्या अर्ध्या मिनिटाची.

चिआंच्या घरात रविवारी दुपारी सगळे टेबलाशी बसले की कोणी जेवायच्या काड्या उचलायच्या आधी धाकट्यांनी थोरल्यांना हाक मारायची. एकेकाला, नात्याने आणि क्रमाने. 'आमा, जेवा.' आजी 'हं' म्हणणार. मग तिच्या खालचा, मग त्याच्या खालचा. 'सगळ्यांनी जेवा' असं एका दमात उरकलेलं चालत नाही, आणि क्रम चुकला तर ज्याचा मान हुकला तो आठवडाभर फुगून बसतो. बीलान वाढली कॅनडात, विनिपेगला. तिथे ती आणि तिचे पपा टीव्हीसमोर मांडीवर बशी घेऊन जेवायचे. हाक मारायला होतं कोण?

पपा गेल्यावर दीड वर्षाने तिने मलेशियातल्या पेनांग बेटावर बायान लेपासच्या चिप कारखान्यात नोकरी धरली आणि ती आमाकडे राहायला आली. त्याला आता आठ महिने झाले होते. चेहरा इथला, नाव इथलं, पण तोंड उघडलं की पंचाईत. तिची मोडकी होक्किएन, म्हणजे इथली चिनी बोली, ऐकून कोपऱ्यावरची कॉफीवाली हटकून इंग्रजीत उत्तर द्यायची आणि वर शेजारणीला सांगायची, "केळं गं, केळं! वरून पिवळं, सोललं की पांढरं." बोलता येत नाही त्याला ऐकूही येत नसावं, असं लोकांना का वाटतं कोण जाणे. बीलानला शब्दन् शब्द कळायचा, आणि लागायचाही.

पहिल्याच रविवारी तिने घोटाळा केला होता. पपांचे भाऊ कोक लिओंग समोर बसले होते. तिने अदबीने म्हटलं, "जी-पेक, जेवा." नातेवाइकांनी भरलेलं टेबल एकदम गप्प. जी-पेक म्हणजे बापाचा दोन नंबरचा भाऊ. थोरला तो तुआ-पेक. आत्याने, म्हणजे कोने, घाईघाईने सावरून घेतलं होतं. "अगं, तुआ-पेक म्हण! हेच थोरले. तुझ्या बापाच्या वर एवढा एकच भाऊ. परदेशात वाढलेली पोर, हिला मोजता कुठलं यायला!" सगळे हसले. काका तेवढे हसले नाहीत, आणि आमा तर ताटाकडे बघत बसली.

बीलान ओशाळली. पण विनिपेगहून नववर्षाला आमाला फोन लावला की पपा आपल्या या भावाची खुशाली बीलानकडून 'जी-पेक' असं म्हणवूनच विचारून घ्यायचे आणि स्वतःला तिसरा म्हणवायचे, हे तिला चांगलं आठवत होतं. इतकी वर्षं दूर राहून पपाच विसरले असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. तेव्हापासून प्रत्येक चुकीवर तिला एकच माफी मिळायची. परदेशात वाढलेली आहे, जाऊ दे. या एका वाक्यावर ती आठ महिने तरली होती.

त्या रविवारी सकाळी ती आमाच्या पायाची नखं कापत होती. आमा म्हणाली, "आज एक जण जेवायला येतोय. बालिक पुलाऊहून. माझा थोरला मुलगा."

बीलानचा हात थांबला.

"नखं काप. तू थांबलीस तर मला सांगता यायचं नाही."

बीलान खाली मान घालून नखं कापत राहिली आणि आमा तिच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत सांगत राहिली. पोर तीन वर्षांचं असताना ज्योतिषाने सांगितलं, याचं आणि बापाचं नशीब एकमेकांना भिडतं, दोघांतला एक जाईल. कोक लिओंग तेव्हा नुकता जन्मला होता. आजोबांनी थोरल्याला बेटाच्या पलीकडच्या बाजूला, जायफळाची बाग असलेल्या लिम नावाच्या निपुत्रिक जोडप्याला देऊन टाकलं.

"त्या बाईने एकच अट घातली. ती जिवंत आहे तोवर पोराने दुसऱ्या कोणाला मा म्हणायचं नाही. कुआन इम देवीसमोर मी शब्द दिला. सहासष्ट वर्षं पाळला. बसने तासाभराचं अंतर गं, पण एकदाही गेले नाही."

"पपांना ठाऊक होतं?"

"त्याला एकट्याला मी सांगितलं होतं. त्या दिवसापासून तो स्वतःला तिसरा म्हणायला लागला. घरात म्हणायची सोय नव्हती, म्हणून परदेशात जाऊन म्हणाला. कोक लिओंगला मागाहून कळलं, आणि ते अजून त्याच्या घशाखाली उतरलेलं नाही." आमाने पाय मागे घेतला. "लिम बाई गेल्या महिन्यात वारली. आता मला एकदा ऐकायचंय. तीन वर्षं म्हणत होता, 'मा, मा' करत मागे फिरायचा. एकदाच म्हणू दे. मग मला बोलावणं आलं तरी चालेल."

म्हणजे पपा विसरले नव्हते, आणि पहिल्या रविवारी तिचंही काही चुकलं नव्हतं. या घरात एवढीच गोष्ट ती बरोबर बोलली होती आणि त्यावरच सगळे हसले होते.

स्वयंपाकघरात काका तिची वाटच बघत होते. हा माणूस सदतीस वर्षं शाळेत मास्तर होता, आणि निवृत्त झाला तो फक्त शाळेतून.

"आमाने सांगितलं ना सगळं? दिसतंय तोंडावर. नीट ऐक. पाहुण्याला 'लिम अंकल' म्हणायचं. त्यापुढे काही नाही."

"पण तुआ-पेक, आमाला तर—"

"आमा एक्याण्णव वर्षांची आहे. तिला आज वाटतं ते उद्या निस्तरायचं मला. उद्या तिचं काही झालं, तर अंत्ययात्रेत थोरला म्हणून धुपाचं भांडं हातात घेऊन पुढे कोण चालणार, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. आजारपणं मी काढली, रात्री मी जागलो. एका जेवणात कोणी येऊन थोरला होत नसतो. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर मी पानावरून उठेन. आणि तू आपली बॅग भर. खोल्या भाड्याने मिळतात बायान लेपासला."

को चुलीशी उभी राहून बदकाच्या सारात पळी ढवळत होती. तिने ऐकलं सगळं, पण पळी काही थांबवली नाही.

पाहुणा बाराच्या ठोक्याला आला. बाहीवर सुतकाचा काळा कापडाचा तुकडा टाचलेला, हात रिकामे. दारात त्याने एक चप्पल काढली, आणि काका आडवे उभे राहिले.

"सुतक आहे ना तुमच्याकडे? सुतकात लोक दुसऱ्याच्या घरी जात नाहीत, असं ऐकून होतो."

पाहुण्याचा दुसरा पाय चपलेतच राहिला. आतून खुर्चीतून आमाचा आवाज आला, "दुसऱ्याच्या घरी जात नाहीत. तू आत ये."

काकांना बाजूला व्हावं लागलं.

बीलानने त्याच्याकडे बघितलं आणि तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. पपांचेच कान. पपांचीच ती समोरचा बोलत असताना मान जराशी तिरकी करायची सवय. तिला वाटलं, धावत जाऊन याचा हात धरावा. तो आमासमोर जाऊन उभा राहिला, कमरेत वाकला, पण तोंडातून हाक काही निघाली नाही. आमाने क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाली, "बस. पापलेट थंड होतंय."

टेबलाला पाच खुर्च्या. आमाच्या उजव्या हाताला काका, आणि डाव्या हाताला पाहुणा, कारण आमाने त्याची बाही धरून त्याला तिथेच बसवला. काकांचा जबडा आवळला गेला. पापलेट होतं, सोया सॉसमध्ये रटरटवलेलं डुकराचं मांस आणि अंडी होती, वाफाळलेला भात होता, आणि कोणी कशाला हात लावत नव्हतं. सगळ्यांत धाकटी बीलान. सुरुवात तिने करायची.

"आमा, जेवा."

"हं."

आता पुढची हाक. वर बघितलं तर कोणातरी एकाकडे बघावं लागणार, म्हणून तिने नजर भाताच्या वाडग्यातच ठेवली.

"तुआ-पेक, जेवा."

"हं," काका म्हणाले.

"हं," पाहुणा म्हणाला.

दोन्ही 'हं' एकदमच पडले. कोच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. पाहुण्याचा चेहरा लाल झाला.

"चुकलं माझं," तो पुटपुटला. "आमच्या घरी माझ्यामागून भाऊ झाले, त्यांची पोरं मला हेच म्हणतात. सवयीने निघून गेलं. मनावर घेऊ नका."

काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बीलानकडे बघत होते. "कोणाला म्हणालीस?"

तिने वाडगं जवळ ओढलं.

"वाडग्यात तोंड घालून बोललीस. आता मान वर करून सांग. कोणाला?"

"अरे, तुलाच म्हणाली ती!" को मध्ये पडली. "आणखी कोणाला म्हणणार? परदेशात वाढलेलं पोर, त्यात पाहुणा समोर. बावरली बिचारी. हो की नाही गं? हो म्हण, आणि जेवू द्या आम्हाला. पोटात कावळे ओरडताहेत."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नेहमीसारखं एक ओशाळं हसू हसलं की झालं. खोली राहील, रविवार राहतील, काका पुन्हा बोलायला लागतील. खरं सांगायचं तर हाक मारताना ती कोणाला मारतेय हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. पण आता विचारल्यावर मात्र ठाऊक झालं. आणि पपा त्या थंड देशात, ऐकायला आमाशिवाय कोणी नसताना, वर्षानुवर्षं स्वतःला तिसरा म्हणवत राहिले, ते काय तिने इथे हसून घालवायचं?

"को, मी बावरले नाही," ती म्हणाली. "मी यांना म्हणाले." तिने पाहुण्याकडे बघितलं. मग काकांकडे वळून, पपांनी फोनवर शिकवलं होतं तसंच, सावकाश म्हटलं, "जी-पेक, जेवा."

काका उठले. खुर्ची मागे भिंतीवर आदळली. "मा, ऐकलंस? आठ महिने घरात ठेवली, त्याचे पांग फेडले पोरीने!"

"बस, कोक लिओंग," पाहुणा म्हणाला.

"तू मला बस म्हणणार?"

"मी हात जोडून म्हणतो, बस. तुला कशाची भीती वाटते ते मला कळतं. धुपाचं भांडं घेऊन मी अडतीस दिवसांपूर्वी चाललोय, लिमांच्या दारापासून टेकडीपर्यंत. त्या घरचा थोरला म्हणून. माणूस एकदाच पुढे चालतो. दुसऱ्यांदा मी नाही चालणार. इथे तूच चालायचंस. मी मागे कुठेतरी असेन, असू दिलंस तर."

काका उभेच होते. काहीतरी सणसणीत बोलायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण भांडायला समोर कोणी उरलंच नव्हतं. सहासष्ट वर्षांचा तो माणूस खुर्ची ओढून बसला. कोणाकडे न बघता त्यांनी बीलानला 'हं' म्हटलं. इतकं हळू, की कोला ते ऐकूच गेलं नाही.

बीलानला श्वास घेता आला. पण खरं जे व्हायचं होतं ते अजून झालंच नव्हतं. आमाने काड्या खाली ठेवल्या होत्या. ती पाहुण्याकडे वळली.

"हिने तुला हाक मारली. आता तू मला मार. इथे जेवायचं तर थोरल्याला हाक मारून जेवायचं."

पाहुण्याने हात मांडीवर घेतले. टेबलाखाली बीलानने स्वतःचीच बोटं घट्ट धरून ठेवली होती. म्हणा, ती मनात म्हणत होती, म्हणा ना हो, एकच तर अक्षर आहे.

"मावशी," तो म्हणाला, "जेवा."

कोने तोंडाला पदरासारखा ॲप्रन लावला. काकांनीसुद्धा मान वर केली. आमा हलली नाही.

"रागाने नाही," पाहुणा घाईघाईने म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुमच्यावर राग असता तर आलोच नसतो. पण तिकडची आई जाऊन अजून एकोणपन्नास दिवस व्हायचेत. तोवर ती घरातच असते, आजूबाजूला असते, असं म्हणतात. मी इथे मा म्हटलं आणि तिने ऐकलं तर? तिने मला ताप आला की खांद्यावर घेऊन डोंगर उतरलाय. एवढ्यात कसं म्हणू?"

बीलानला त्या मेलेल्या बाईचा राग आला, आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली.

आमा आपल्या मुलाकडे बघत राहिली. मग तिने काड्या उचलल्या, त्यांची टोकं टेबलावर ठोकून सारखी केली.

"हं," ती म्हणाली. "किती राहिले?"

"अकरा."

"म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी पूर्ण होतात. शुक्रवारी दुपारी ये जेवायला." तिने आपलं वाडगं बीलानपुढे सरकवलं. "भात वाढ गं मला. बारा दिवस जगायचंय."