ओठांवरचं

टीव्हीवर नायिका शेवटचा श्वास घेत होती आणि दारात कॉफीचा ट्रे घेऊन उभी असलेली मावशी खदाखदा हसत होती.

खोलीतली सगळी डोकी गर्रकन मागे वळली. दर रविवारी दुपारी जावईबापूंकडे, म्हणजे मावशीच्या भाचीच्या नवऱ्याकडे, जमणारी ही मंडळी. जावईबापूंचं दुकान चष्म्यांचं, पण जीव अडकलेला मूकपटांत. कुठल्या कुठल्या तळघरांत सापडलेले हे सिनेमे आता धुऊनपुसून डीव्हीडीवर मिळू लागले होते, आणि नवा संच निघाला की तो घरी आणल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. खिडक्यांचे पडदे ओढून, परीक्षेला बसल्यासारखी गप्प राहून मंडळी ते बघत. अशा जागी हसणं म्हणजे महापाप.

"मावशी, अहो ती मरतेय!" जावईबापू कळवळून म्हणाले. मावशीला ऐकू येत नसे, त्यामुळे तिच्याकडे तोंड करून म्हणाले.

"मरतेय कसली! ती त्याला म्हणतेय, 'मेल्या, माझ्या केसांवर बसलायस. ऊठ आधी.'"

जावईबापूंनी सिनेमा थोडा मागे नेऊन पुन्हा लावला. नायक हुंदका देता देता जरासा बाजूला सरकला आणि मरणाऱ्या नायिकेची मान सुटल्यासारखी सैल झाली. हा प्रसंग जावईबापूंनी कितीदा तरी बघितला होता, दर वेळी डोळे पुसले होते. भाचीनं स्वयंपाकघराच्या दारातच कपाळावर हात मारला.

मावशीची सारी हयात कापडगिरणीच्या मागखात्यात गेली. शेकडो माग एकदम धडधडत असताना शेजारणीच्या कानात ओरडलं तरी तिला ऐकू जात नाही. म्हणून तिथल्या बायका आवाजाच्या नादी लागतच नसत. तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून नुसत्या ओठांनी बोलत. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची गाऱ्हाणी सांगे आणि मधला मुकादम ठोंब्यासारखा बघत राही. पुढे त्या धडधडीनं मावशीचे कान गेले, पण गप्पा काही अडल्या नाहीत. अडल्या त्या निवृत्तीनंतर. ती भाचीकडे राहायला आली, तर घरात कोणी पाठ फिरवून बोले, कोणी घास चावत. टीव्हीवरच्या मालिकांत तर माणूस तोंड उघडतो आणि तेवढ्यात दुसऱ्याचाच चेहरा दाखवतात. जेवणं झाली की मावशी आपल्या खोलीत जाऊन बसे. तिला फार एकटं वाटे, पण तसं सांगायची तिची जात नव्हती.

त्या रविवारपासून पुढची खुर्ची मावशीची झाली. खलनायक सुरा उगारून "कालपासून दाढ ठणकतेय" म्हणे. प्रियकर चांदण्यात गुडघे टेकून "आज पगार होणार ना?" असं विचारी. मंडळी पोट धरून हसत. जावईबापू पहिले काही दिवस फुरंगटून बसले, मग तेच सगळ्यांत जोरात हसू लागले.

एकदा मात्र मावशीनं मान फिरवली. सिनेमात मेजवानी रंगली होती आणि पार कोपऱ्यात दोन नट्या एकमेकींना काहीतरी सांगत होत्या.

"काय म्हणतायत, मावशी?"

"ते आपल्यासाठी नाही. दोघींचं खासगी चाललंय."

"अहो, त्यांना जाऊन जमाना झाला!"

"म्हणून काय झालं? खात्यातली रीत आहे ती, जावईबापू. दोघींचं मनातलं चाललं की तिसरीनं मान फिरवायची. नाहीतर तिथे कोणाचं काय झाकून राहिलं असतं?"

त्याच संध्याकाळी कपबशा विसळता विसळता मावशी म्हणाली, "एक सिनेमा शोधाल का माझ्यासाठी?"

मावशी रांगत होती तेव्हाच तिची आई तापानं गेली. तीही त्याच मागखात्यात. आईचा फोटो नव्हता, मावशीला चेहराही आठवत नव्हता. वडील एवढंच सांगत, "भोपळे, तुझी आई सिनेमात आहे हो! धरण फुटतं, लोक पळतात, त्यात गिरणीतल्या सगळ्या बायकांना नेलं होतं. ती तुला कडेवर घेऊन गेली." मावशी लहानपणी गुटगुटीत, म्हणून भोपळी. ही गोष्ट तिनं आयुष्यभर जपली आणि कोणाला सांगितली नाही. लोक हसतील म्हणून नव्हे. बापानं रडक्या पोरीची नुसती समजूत काढली असेल, ही पाल तिच्याच मनात चुकचुकत होती.

जावईबापूंनी आकाशपाताळ एक केलं. धरण फुटण्याचा तो सिनेमा जळून गेला असं सगळे म्हणत, पण अखेर एका नव्या संचात तो निघाला. डीव्हीडी घरी आली आणि मावशीनं ती कपाटावर ठेवून दिली. रोज तिच्यावरची धूळ पुसायची, पण लावू द्यायची नाही.

"अगं मावशी, बघत का नाहीस?" भाचीनं विचारलं.

"त्यात ती नसली तर? आत्ता निदान आहे तरी."

भाचीनं मावशीचा हात हातात घेतला आणि शेवटी मावशीनंच तो सोडवून डीव्हीडी काढली. या वेळी खोलीत तिघंच होती.

धरण फुटलं. माणसं आ वासून सैरावैरा धावली आणि प्रसंग संपलासुद्धा. मावशीचा चेहरा उतरला. जावईबापूंनी तो पुन्हा लावला, मग पुन्हा.

"थांबवू का?" त्यांनी तिच्याकडे तोंड करून विचारलं.

"थांबवू नका. थांबलेले ओठ बोलत नाहीत." मावशी पुढे सरकली. "ती बघा, भिंतीपाशी."

सगळे नुसते बोंबलत होते. एक बाई तेवढी, कडेवर गुटगुटीत मूल घेऊन, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून पलीकडच्या कोणालातरी सांगत होती.

"मागावरची आहे," मावशी म्हणाली. "म्हणतेय, 'हिला घेऊन पळू कशी? वजन बघ की!'" आणि तिला हसू फुटलं.

मग त्या बाईनं मुलाची हनुवटी धरून समोर वळवली, सरळ कॅमेऱ्याकडे बोट केलं आणि ओठ हलवले. मावशीचं हसू तिथल्या तिथे थबकलं.

"काय म्हणाली?" भाचीनं हळूच विचारलं. मावशीची नजर टीव्हीवरच होती.

"'भोपळे, तिकडे बघ. हस.'"

आपण हे मोठ्यानं बोललो, हे मावशीच्या ध्यानातही आलं नसावं. "पुन्हा लावा," ती म्हणाली. जावईबापूंनी लावलं. बाईनं पुन्हा हनुवटी धरली, पुन्हा बोट केलं. या वेळी मावशीनं उत्तर दिलं. आवाज न काढता, तोंड मोठं उघडून, एकेक अक्षर सुटं करून ती बोलू लागली. तिला बरंच काही सांगायचं होतं. डोळे वाहत होते आणि चेहराभर हसू होतं.

इतक्या रविवारांत जावईबापूंनाही ओठ थोडेफार वाचता येऊ लागले होते. त्यांनी प्रसंग पुन्हा पुन्हा येत राहील असं बटण दाबलं, भाचीला कोपरानं खूण केली आणि मान खिडकीकडे फिरवली. भाचीनंही फिरवली.

पडदा ओढलेला होता. दोघं बराच वेळ त्या पडद्याकडेच बघत राहिली.