समुद्राचं गोदाम

आमची कंपनी समुद्रात तरंगत लाटा मोजणारे बोये बनवते. ऑर्डरी वाढल्या तसा मालकांनी सगळा कारभार एकाच सॉफ्टवेअरमध्ये आणायचं ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. सॉफ्टवेअर भलतंच हट्टी. गोदामाचं नाव दिल्याशिवाय एक वस्तू आत घेईना. आमचे निम्मे बोये तर चाचणीसाठी मिऱ्यापासून जयगडपर्यंत पाण्यावर तरंगत होते. शेवटी वैतागून मी नवीन गोदाम नोंदवलं: समुद्र.

लगेच पडद्यावर प्रश्न आला, गोदाम कुणाच्या ताब्यात?

"आता इथे काय माझं कपाळ लिहू?" मी म्हटलं.

शेजारच्या टेबलावरची महरीन खिडकीबाहेर बघत होती. तिकडे पाणी आणि आभाळ एक झालं होतं.

"अब्बांचं नाव टाक, नम्रता," ती म्हणाली. "गनी."

ती शाळेत असताना तिचे अब्बा जयगडहून होडी घेऊन गेले, ते परत आलेच नाहीत.

मी नाव टाकलं.

आता दर महिन्याला साठा जुळवताना पडदा विचारतो, गनी यांच्या ताब्यातला माल जागेवर आहे का? तेव्हा मी खुर्चीवरून उठते. महरीन येऊन बसते, जरा वेळ खिडकीकडे कान देते आणि 'होय' दाबते.