कॉम्प्युटरवर उतरवलेली डिंपल

ओतूरच्या कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर मी पुस्तकं वाचून एक कॉम्प्युटर जुळवला आणि त्यात टीव्हीचं कार्ड बसवलं. केबलची वायर लावली की कार्यक्रम डिस्कवर उतरतो आणि पाहिजे तेव्हा बघता येतो, असं पुस्तकात होतं. माझ्या हातून ते होईल अशी खात्री मला नव्हती.

शेजारच्या रुक्मिणीबाईंना मात्र होती. त्यांची नात डिंपल पुण्याला शिकत होती. आईवेगळ्या पोरीला त्यांनीच वाढवलेलं. एका मराठी वाहिनीच्या प्रश्नमंजूषेत ती निवडली गेली होती. कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, एकदाच लागणार होता. रुक्मिणीबाई जैन; दिवसभरातल्या चुकांची क्षमा मागायला प्रतिक्रमणाला बसायची त्यांची वेळ नेमकी तीच.

“एक दिवस नंतर बसलात तर?” मी भीत भीत विचारलं.

“लग्न होऊन आले तेव्हापासून वेळ चुकवली नाही, सर. पोरीला तुमच्या डब्यात धरून ठेवा.”

आमचा जुना व्हीसीआर कॅसेट गिळायचा, तेव्हा दुसरा उपाय नव्हता. मी हो म्हणालो आणि घरी येऊन पस्तावलो. पहिल्या चाचणीत चित्र आलं, आवाज नाही. टीव्हीच्या कार्डापासून आवाजाच्या कार्डापर्यंत एक बारकी वायर लागते, ती मी जोडलीच नव्हती. दुसऱ्या चाचणीत रेकॉर्डिंग मध्येच थांबलं. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर फाईल ठरावीक आकारापुढे वाढत नाही, हे तेव्हा कळलं. डिस्क पुसून नव्यानं फॉरमॅट केली. बुधवारी सगळं नीट उतरलं.

गुरुवारी संध्याकाळी सहालाच वाहिनी लावली, तर तिथं क्रिकेट. आमचा केबलवाला नवाब मॅच असली की कमी चालणाऱ्या वाहिनीच्या जागी ती सोडायचा. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी त्याच्या दुकानात गेलो. बाहेर टीव्हीपुढे पोरांची गर्दी होती.

“नवाबभाई, ती वाहिनी...”

“आज न्हाई, सर. इंडियाची मॅच हाय. काढली तर लोक माझ्या डिशच्या छत्र्या फोडतील.”

एरवी मी मान हलवून परतलो असतो. पण दारातून पाय हलेना.

“छत्रीवर तर येतेय ना ती?”

“येती की. रिसीव्हर चालू हाय. पन तुमच्या घरापत्तूर कशी पोचवू?”

“मग मी कॉम्प्युटर इथं आणतो.”

“आत्ता? राव, तो काय डबा हाय व्हय जेवणाचा?”

“आत्ताच.”

माझा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेरची पोरंही वळून बघायला लागली. कुशाबाचा टेम्पो समोरच उभा होता, त्यातून घर गाठलं. मांडीवर मॉनिटर घेऊन मी परत आलो तेव्हा कुणीतरी ओरडलं, “सर मॅच टेप करत्यात रं!”

नवाबनं रिसीव्हरच्या वायरी ओढून दिल्या. मी घाईघाईनं त्या कार्डाला लावायला लागलो. पिन चुकीच्या जागी गेली आणि पडदा निळा झाला.

“दमानं घ्या, सर. पिवळी पिवळ्यात,” नवाब म्हणाला. तो मॅच सोडून माझ्याजवळ उभा होता.

चित्र आलं. मागोमाग आवाज आला. मी बटण दाबलं. कार्यक्रम संपेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यातल्या रेकॉर्डिंगच्या लाल ठिपक्यावरची नजर काढली नाही. प्रश्न कुठले होते, कोण जिंकलं, मला काहीच कळलं नाही.

कॉम्प्युटर घरी आणून मांडला तोवर रुक्मिणीबाई प्रतिक्रमण आटोपून आल्या. पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसल्या. डिंपल ओढणी नीट करत आत आली, प्रेक्षकांकडे बघून हसली.

“थांबवा.”

मी थांबवलं. डिंपल तशीच हसत राहिली. रुक्मिणीबाई पुढे वाकल्या.

“किती वाळलीय. मागं घ्या.”

डिंपल पुन्हा आत आली. मग पुन्हा.

“पुढे प्रश्न आहेत,” मी हळूच म्हणालो.

“असू द्या. ती उत्तरं देईल सावकाश. आधी आत येऊ द्या तिला.”

मी माऊस हलवला आणि डिंपलला परत दारात नेलं.