बरं झाल्याची साक्ष

चौतीस वर्षं मी नर्स होते. कुठली गोळी कुटायची आणि कुठली अख्खी गिळायची, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच ते पाप माझ्या हातून इतकं बिनबोभाट झालं.

आमचे हे, कुंडलिक, एकोणऐंशीचे. वागळे इस्टेटमध्ये लेथवर जन्म काढला, आता डोंबिवलीत आम्ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी आमचा एकुलता एक मुलगा उत्तम गेला आणि हा माणूस अंथरुणाला खिळला. आजाराने नव्हे, दुःखाने. चर्च सुटलं, दाढी सुटली, बोलणं सुटलं. मी रोज देवाकडे एकच मागायची, की याला उठव. पण देवाला घाई कधीच नसते, आणि मला धीर कधीच नव्हता.

मग फेब्रुवारीत कल्याणला आमच्या चर्चच्या मंडळीत बाहेरगावचा एक उपदेशक आला. मी यांना अक्षरशः ओढत नेलं. त्याने डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि हे लहान मुलासारखे ढसाढसा रडले. पुढच्या रविवारी स्वतःहून माईकपाशी गेले आणि साक्ष दिली, की प्रभूने मला बरं केलं, प्रेशर गेलं, साखर गेली, आजपासून गोळ्या बंद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सोडून.

आमच्यात साक्ष म्हणजे भाषण नव्हे. तो देवासमोर आणि मंडळीसमोर दिलेला शब्द असतो. तो दिल्यावर गोळी घेणं म्हणजे देवालाच खोटं पाडणं. घरी येऊन यांनी गोळ्यांचा डबा माझ्या हातात ठेवला आणि टाकून दे म्हणाले. मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. भिंतीवर डोकं आपटलं असतं तर भिंत तरी हलली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खलबत्ता काढला. नाचणीच्या आंबिलीत दोन गोळ्या, वर ठेचलेला लसूण. कुटताना मी प्रार्थना करायची. कुणाला खोटं वाटेल, पण करायची. प्रभू, मला क्षमा कर आणि हे लागू पडू दे.

लागू पडलं. हे हिंडूफिरू लागले, पेपर वाचू लागले, भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागले. महिन्यातून एकदा तरी साक्ष व्हायचीच. खडवलीहूनसुद्धा लोक त्यांना ऐकायला यायचे. मी खाली मान घालून आमेन म्हणायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये रंगूबाई राहायची. बहात्तर वर्षांची, विधवा, उपासनेला माझ्या शेजारी बसणारी. एका शुक्रवारी सकाळी ती दारात आली. केमिकल कंपन्यांकडून येणारा आंबूस वास जिन्यात कोंडला होता. रंगूबाईचा चेहरा लालबुंद, पायांवर सूज, आणि बाई हसत होती. म्हणाली, कुंडलिकभाऊंची साक्ष ऐकून मीपण प्रेशरच्या गोळ्या संडासात ओतल्या. बारा दिवस झाले.

मी तिला बसवलं आणि बळेच प्रेशर मोजायचा पट्टा लावला. वरचा आकडा दोनशे दहा. मी म्हटलं, अगं, तुझ्या पाया पडते, गोळी घे. तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"सिस्टर, चमत्कार तुमच्या घरात झाला, आणि तुमचाच विश्वास कमी?"

तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई, माझ्या घरात चमत्कार नाही, खलबत्ता आहे. पण आत हे दाढी करत गाणं गुणगुणत होते. खरं बाहेर पडलं तर हा माणूस पुन्हा अंथरूण धरेल आणि या वेळी उठणार नाही, ही भीती मला गप्प करत होती. दोघांतला एक वाचवायचा होता आणि मी नवरा निवडला. लाज वाटते, पण निवडला.

तिच्या मुलाला, साकेतला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, काकू, आई माझं ऐकत नाही, तुम्हीच समजवा. शनिवारी तिचं डोकं ठणकत होतं. मी मनाशी ठरवलं, सोमवारी सांगेन. रविवारी वर्षाची उपकारस्तुतीची सभा होती आणि साक्ष यांची होती. तेवढा एक दिवस यांना मिळू दे. एका दिवसात काय काय होतं ते मी वॉर्डात चौतीस वर्षं पाहिलं होतं, तरीही मी असं ठरवलं.

रविवारी चर्च भरलं होतं. पंखे फिरत होते, हवा हलत नव्हती. दुसरं गीत चाललेलं असताना रंगूबाई डावा हात चोळू लागली. म्हणाली, मुंग्या येतायत. मी तिचं बोट दाबून पाहिलं, तिला कळलंच नाही. मी म्हटलं, ऊठ, रिक्षा करू, आत्ता. ती जागची हलेना. म्हणे, भाऊंची साक्ष ऐकल्याशिवाय मी उठायची नाही, ती ऐकली की सगळं थांबेल.

हे माईकपाशी पोचले होते. पांढरा शर्ट मीच इस्त्री केलेला. मी उभी राहिले.

"ते बरे झालेले नाहीत. रोज सकाळी मी त्यांच्या आंबिलीत गोळ्या कुटून घालते. पहिल्या आठवड्यापासून."

पेटीवाला थांबला. पाळक माझ्याकडे बघतच राहिले. मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस इथेच कोसळेल. हे कोसळले नाहीत. माईक तोंडासमोरच होता.

"मला माहीत आहे, रंभा. चव लागायची."

मग हळूच म्हणाले, "उत्तम गेल्यावर पहिल्यांदाच इथे कुणीतरी माझी वाट बघत होतं गं."

मला राग आला, इतका की तिथेच जाऊन गचांडी धरावी. पण शेजारी रंगूबाई उठायला लागली होती. ती काहीतरी बोलली, त्यातला एकही शब्द शब्द नव्हता. तिचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं.

तिला दवाखान्यात नेईपर्यंत डावी बाजू पूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल बहुतेक, बाकीचं सांगता येत नाही. संध्याकाळी आम्हा दोघांना आत सोडलं. ती जागी होती. सगळं तिला कळत होतं. हे तिच्या पायाशी उभे राहिले. मग हात त्यांनी माझ्यासमोर पसरला. मी पर्समधून यांची गोळी काढून दिली. तिच्या डोळ्यांत बघत यांनी ती तोंडात टाकली आणि पाण्याचा घोट घेतला.

रंगूबाईने ते नीट पाहिलं. मग तिने स्वतःचं तोंड उघडेल तेवढं उघडलं, आणि माझ्याकडे बघत तसंच उघडं ठेवलं.

वॉर्डातली नर्स पोरगी धावत आली. म्हणाली, मावशी, तोंडातून काही देऊ नका, यांना आता गिळता येत नाही.